सव्वीस अंगठे

तीस नोव्हेंबरच्या शनिवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी यंत्राने वसुमतीला ओळखलं नाही. यंत्र काडेपेटीहून थोडं मोठं, काळं, वर नखाएवढी काच. बोट ठेवलं की काचेखाली लाल उजेड पेटतो आणि मोबाइलच्या पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहतं. टपाल वाटायला निघण्याआधी तिने रोज स्वतःचा ठसा द्यायचा, तो जुळला की मगच दिवसभर तिला इतरांचे ठसे घेता येत. आज वर्तुळ फिरलं, थांबलं आणि अक्षरं आली: ठसा जुळला नाही. हे अगदीच नवीन नव्हतं. ऑगस्टपासून पहिल्या खेपेला जुळणं बंद झालं होतं, सप्टेंबरात तिसऱ्या खेपेला जुळे, दिवाळीनंतर पाचव्या-सहाव्या. आज नवव्या खेपेनंतर तिने तर्जनी ठेवली, मग डावा हात पुढे केला, आणि एकेक करून दहाही बोटं संपली तेव्हा भीती वाटायच्या आधी तिला क्षणभर नुसतं नवल वाटलं. तिने उजवा अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. चव्वेचाळीस वर्षं बरोबर असलेल्या या अंगठ्याकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं. पेराच्या मधोमध जिथे रेषा असायला हव्यात तिथे गुळगुळीत, किंचित चकाकणारी कातडी होती. नखाच्या कडेला तीन-चार रेषा तेवढ्या उरल्या होत्या, ओहोटी लागल्यावर चिखल्याच्या किनाऱ्यावर वाळूत उरतात तशा.

"काय वसुमतीबाई, सरकार तुम्हाला ओळखेना काय?" पोस्टमास्तर काशीनाथ पलीकडच्या टेबलावरून म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ते प्रत्येक गोष्टीत गंमत शोधत.

"घेतलं, घेतलं," ती म्हणाली आणि मोबाइल पिशवीत टाकला.

"घेतलं ना? नाहीतर सांगा, वर कळवतो. सोमवारी पालघरला जाऊन नवीन ठसे देऊन या. पण आज त्या बुधीचं काम झालंच पाहिजे. शेवटची तारीख. ती जिवंत असल्याचं आज वर गेलं नाही तर डिसेंबरपासून पेन्शन बंद, आणि म्हातारी रोज येऊन माझ्या उरावर बसेल."

बुधी झरी गावाच्या पलीकडच्या पाड्यावर राहत होती. तिचा नवरा चैत्या रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर त्याचं पेन्शन तिच्या नावावर झालं, आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला करायला वसुमती जात असे. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय आता आली होती, पण बुधीच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, पापणी पुरती मिटत नसे, आणि मोबाइल पापणी मिटायची वाट पाहत बसे. म्हणजे अंगठाच. म्हणजे आधी वसुमतीचा अंगठा, मग बुधीचा. हे सगळं कळत असताना आपण खोटं का बोललो, हे तिने रिक्षात बसल्यावर स्वतःला नीट विचारलं. वर कळवलं असतं तर वरच्यांनी विचारलं असतं की ठसे गेले कशाने. शेतावरच्या माणसाचे जातात, विटा उचलणाऱ्याचे जातात. टपाल वाटणाऱ्या बाईचे जात नाहीत. सप्टेंबरात डहाणूच्या डॉक्टरांनी बोटांकडे पाहून विचारलं होतं, "दिवसातून किती वेळा हात धुता?" आणि ती म्हणाली होती, "सगळे धुतात तेवढेच." मोजायची सवय तिला नोकरीने लावली होती. त्याच आठवड्यात एका मंगळवारी तिने मोजलं होतं. एकेचाळीस वेळा. आकडा तिने कुठे लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही; पण तो तिला आवडला होता, निदान तो आकडा तरी होता. आता दुपारपर्यंत ठसा जुळला नाही तर बुधी कागदावर मेलेली, आणि का मेली याचं उत्तर तो आकडा.

रिक्षा निघाली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, गवताच्या पेंढ्या भरलेला एक ट्रक पुढे डुलत चाललेला, त्यातून उडणारी कुसळं. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला तेव्हा वसुमतीने तिच्याकडे निरखून पाहिलं: धुळीसाठी लावला की कशासाठी? चार वर्षांपूर्वीपर्यंत पदराला असा प्रश्न नव्हता. सुदर्शनला ताप आला तो तीन मे रोजी, दोन हजार एकवीस. सुदर्शन तिचा नवरा, डहाणू रोड स्टेशनवर तिकीट खिडकीत बसणारा, कधी साधी सर्दी न झालेला माणूस. त्याला घेऊन ती वापीच्या हॉस्पिटलात गेली, अकरा दिवस तो तिथे होता, त्यातल्या सहाव्या आणि सातव्या दिवसाबद्दल ते दोघंही अजून बोललेले नाहीत. त्या अकरा दिवसांत घरी बसून तिने एक काम केलं. टपालाच्या डायरीच्या शेवटच्या पानावर मागचे चौदा दिवस मांडले. टाळेबंदीत ती घरोघर जाऊन पेन्शन पोचवत होती, आणि पेन्शन द्यायचं म्हणजे म्हाताऱ्यांचा अंगठा आपल्या हातात धरून काचेवर दाबायचा. त्यांच्या बोटांना काच कळत नाही, ती घसरतात. चौदा दिवसांत सव्वीस अंगठे. नाव, पाडा, तारीख, आणि चौथ्या रकान्यात 'खोकला'. एकोणिसाव्या ओळीवर चैत्या होता. चोवीस एप्रिल. खोकला: आठवत नाही. मे संपता संपता काशीनाथ फोनवर म्हणाले, "झरीकडचा तो गँगमन गेला." कशाने गेला, हे तिने विचारलं नाही. त्या महिन्यात कुणीच कुणाबद्दल ते विचारत नव्हतं. मात्र तेव्हापासून एकोणिसाव्या ओळीला दोन टोकं आली. एक, चैत्याकडून तिच्या हातावर आणि तिच्या हातावरून सुदर्शनकडे. दुसरं टोक उलटं, तिच्याकडून चैत्याकडे. तिला स्वतःला काहीच झालं नव्हतं, तपासणीतही काही निघालं नव्हतं, त्यामुळे दोन्ही टोकं सारखीच शक्य होती आणि दुसरं जास्त वाईट होतं. सुदर्शन बरा झाला, जेवू लागला, विसरला. "माझ्या खिडकीतून रोज हजार हात येतात. त्यातल्याच कुणाचं तरी. तू अजून तिथेच बसलीयस," तो म्हणायचा. हे खरं असेलही. पण हजार हातांना नावं नसतात. सव्वीस अंगठ्यांना होती.

लाकडी पट्टी त्यानंतर आली. जूनमध्ये ती पुन्हा कामावर गेली तेव्हा कार्यालयातली बारा इंची पट्टी तिने पिशवीत टाकली, आणि पहिल्याच म्हातारीचा अंगठा हातात न धरता पट्टीच्या टोकाने काचेवर दाबला. ठसा जुळला. मग तीच रीत झाली. पुढे मास्क गेले, टेबलावरची जंतुनाशकाची बाटली गेली, दाराबाहेर रांगेसाठी रंगवलेली पांढरी वर्तुळं पायांनी पुसली गेली. पट्टी राहिली. कुणी काही बोललं नाही, तेव्हा कुणाच्या ते लक्षात आलं नसावं असं तिने धरलं. माणसं किती थोडं पाहतात, असंही तिला कधी कधी वाटे.

पाड्याच्या वाटेवर आडवा बांबू होता. तोही तेव्हापासूनचा, बाहेरच्यांना अडवायला दोन खुंट्यांवर टेकवलेला, आता करडा पडलेला, त्याला एक बोकड बांधलेला. वसुमती वाकून आत गेली. खळ्यावर बुधीची सून रूपी पेंढ्या बांधत होती. तिने मान वर केली आणि घराकडे तोंड करून ओरडली, "आय, पट्टीवाली आली गं!"

वसुमती थांबली. "कोण आली?"

रूपीने जीभ चावली, मग तिला हसू आवरेना. "मी नाय ठेवला नाव. आख्खा पाडा बोलतो. रागवू नको, बाय."

राग आला नव्हता. कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या होत्या, आणि त्या गरम होताहेत याकडे ती लक्ष देत होती. तीन वर्षं तिला या पाड्यावर एक नाव होतं आणि ते तिला ठाऊक नव्हतं. सारवलेल्या अंगणात बुधी बाजेवर बसली होती, लहानखुरी, केसांना चपचपीत तेल, एक डोळा पांढरा. बाजेशेजारी दगडावर पाण्याचा हंडा आणि कागदातून नुकतीच काढलेली साबणाची वडी. हेही दर वर्षी असे. आपण मागत नसताना ते का असतं, असा प्रश्न तिला आज पहिल्यांदा पडला.

ती तीन हात अंतरावर बसली, यंत्र मोबाइलला जोडलं आणि अंगठा ठेवला. जुळला नाही. अंगठा उन्हात धरला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. चौथ्या खेपेला बुधी म्हणाली, "काय झाला? मी तं अजून बोट ठेवलाच नाय."

"माझंच बोट घेत नाही, आजी."

बुधी हसली. हसता हसता तिला ठसका लागला आणि ती खोकली. वसुमतीचा डावा पाय आपोआप मागे सरला. तिला हे नेमकं दिसलं: आधी पाय सरला, मग श्वास थांबला आणि भीती सगळ्यात शेवटी आली, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी. एवढी वर्षं ती समजत होती की भीती पहिली येते.

"तू काय भाताची आवणी करतेस? का विटांच्या भट्टीवर जातेस?" रूपी जवळ येऊन तिच्या बोटांकडे पाहू लागली. "आवणी झाली का माझापण रेशनला घेत नाय. तुझा कसा गेला?"

डॉक्टरांना जे सांगितलं नाही ते वसुमतीच्या तोंडून सरळ निघालं. "धुऊन."

"काय धुऊन?"

"हात. दिवसाला चाळीस वेळा धुते."

रूपीने सासूकडे पाहिलं. मग तिने अगदी मनापासून विचारलं, "चाळीस वेळा? एवढा पाणी आणतेस कुठनं?"

"नळ आहे घरात."

"हां," रूपी म्हणाली. तिच्या दृष्टीने बाकी सगळं समजण्यासारखं होतं.

"पट्टी दे," बुधी म्हणाली. वसुमतीने पिशवीतून पट्टी काढून दिली. बुधीने ती टोकाला धरली, हात लांब केला, मान डावीकडे वळवली, ओठ आवळून श्वास रोखला आणि पट्टीच्या टोकाने वसुमतीचा अंगठा काचेवर दाबला. रूपी तोंडावर हात ठेवून हसत सुटली. वसुमतीने त्या वळवलेल्या मानेकडे पाहिलं. आपण मान वळवतो? डावीकडे? तिला हे माहीत नव्हतं, पण नक्कल इतकी नेमकी होती की शंका घ्यायला जागा नव्हती. नाकाच्या शेंड्याला आलेली सुरकुतीसुद्धा तिचीच होती. वर्तुळ फिरलं. ठसा जुळला नाही.

"बघ. तुझीच पट्टी तुला चालत नाय," बुधी म्हणाली आणि पट्टी मांडीखाली सारली. "आता हात दे हिकडं."

ठसा लागावा म्हणून रेशनच्या दुकानात बोट पाण्याने ओलं करतात तसं काहीतरी असेल, असं वसुमतीला वाटलं. पण बुधीने स्वतःच्या केसांवरून तळवा फिरवला आणि त्या तेलकट तळव्यात वसुमतीचा अंगठा धरून चोळायला लागली. मोहाच्या बियांच्या तेलाचा जड, किंचित कडवट वास आला. तळवा खरखरीत होता आणि अपेक्षेपेक्षा गरम. वसुमती सेकंद मोजू लागली: चार, पाच, सहा. कुणी तिचा हात इतका वेळ धरल्याला किती दिवस झाले, हेही ती मोजू लागली आणि हिशेब लागेना. सुदर्शनसुद्धा हल्ली कप तिच्या हातात देत नाही, टेबलावर ठेवतो. तिनेच तशी सवय लावली होती. वीस, एकवीस. कातडीखाली काहीतरी मऊ पडत होतं. आणि चोळणं चालू असतानाच, हात आपल्या ताब्यात नाही तर जीभही नाही अशा तऱ्हेने, तिने विचारलं, "आजी, आजोबांना ताप कधी आला होता?"

"कुणाला?"

"चैत्याआजोबांना. शेवटी. तारीख नसेल आठवत, पण अंदाजे. मी चोवीस एप्रिलला येऊन गेले, त्याच्या आधी की नंतर?"

बुधीचा हात थांबला. "ताप? त्याला कसला ताप? ताडावरनं पडला तो."

रूपी म्हणाली, "ताडीचा मडका उतरायला गेला सकाळचा. सत्तरीचा माणूस. आम्ही बोललो, नको चढू, कुणाला तरी सांगू. तर बोलला, हल्ली कोण कुणाच्या दारात येतो, मीच चढतो."

"पण सगळे म्हणाले..."

"सगळे बोलले," बुधी म्हणाली. "मे महिन्यात मेला ना? मे महिन्यात मेला म्हणजे करोनानंच मेला. त्याची कंबर मोडलेली, डोका फुटलेला, कुणी येऊन बघितला असता तं दिसला असता. बघायला कोण आला? माझा सख्खा भाऊ त्या बांबूच्या पल्याड उभा राहिला आणि तिथनंच रडला. आमच्यात बाया खांदा नाय देत. पोरगा, त्याचा मेव्हणा, ही आणि मी. चौघांनी उचलला." तिने अंगठा पुन्हा चोळायला घेतला, आता जास्त जोर लावून. "तू दर साली येतेस. तू पण नाय विचारला कसा गेला."

"मला वाटलं, मलाच माहितीय," वसुमती म्हणाली.

बोकड ओरडला. वसुमतीने त्याच्याकडे, आडव्या बांबूकडे पाहिलं आणि नुसत्या उत्सुकतेने विचारलं, "मग तो बांबू अजून का ठेवलाय?"

"बोकड बांधाया," रूपी म्हणाली.

"बोकड मागनं आला," बुधी म्हणाली. तिने अंगठा शेवटचा चोळला. "सांजचा कुणी बाहेरचा खोकला का मीच उठून बघते, बांबू हाय ना जाग्यावर. ज्यानं माझ्या भावाला अडवला तोच बांबू. तरी बघते. घे, ठेव आता."

वसुमतीने अंगठा ठेवला. बुधीने वरून आपला अंगठा दाबला. लाल उजेड दोन्ही नखांच्या कडांतून बाहेर आला, वर्तुळ फिरलं, रेंगाळलं, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत वसुमतीचं पूर्ण नाव आलं. तिने ते दोनदा वाचलं. मग बुधीची पाळी होती. पट्टी बुधीच्या मांडीखालून एक वीत बाहेर आलेली दिसत होती, मागितली असती तर मिळाली असती. वसुमतीने बुधीचा अंगठा आपल्या बोटांत धरला. टोकाला भेगाळलेला, तेलाने निसरडा, मधे एक जुनी विळ्याची खूण. मान डावीकडे वळायला लागली तेव्हा ती वळतेय हे तिला कळलं. तिने ती तशीच अर्ध्यावर ठेवली, सरळ काही करता आली नाही. दुसऱ्या खेपेला जुळलं. एक वाजून चार मिनिटं.

"झालं, आजी. नोंद झाली."

"मी जिवंत?"

"जिवंत."

"सालभर?"

"वर्षभर."

"आणि तुझा?"

"माझं रोजचं असतं. परवा सकाळी पुन्हा."

रूपीने हंडा उचलला. "धू, बाय. तुझ्यासाठीच ठेवलाय. साबण नवा हाय." वसुमतीने वडीकडे पाहिलं. एवढी वर्षं हे पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर वाहून आणलेलं होतं. "राहू दे," ती म्हणाली. "चाळीसातला एक कमी," रूपी म्हणाली, आणि या वेळी वसुमतीही हसली. पण परतीच्या रिक्षात तिने तो हात मांडीवर उताणा ठेवला होता, अंगठा कशाला लागू न देता, वस्तू दुसऱ्याची असल्यासारखा. पट्टी पिशवीत नव्हती. कार्यालयाची वस्तू होती, काशीनाथांना सांगावं लागणार होतं, आणि पट्टीचं सांगितलं की ठशांचंही. सोमवारी सांगू, तिने ठरवलं, आणि ते ठरवणं फारसं अवघड गेलं नाही याची तिने नोंद घेतली.

संध्याकाळी घरी तिने डायरी काढली. एकोणिसाव्या ओळीवर काट मारली. पंचवीस राहिले. छातीवरून काही उतरेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट, एवढी वर्षं आपण एका पडलेल्या माणसाला तापात ठेवलं होतं, हे एक नवीनच वजन आलं. विसाव्या ओळीवर झाईची कमळी होती. ती जिवंत होती की नाही, हे वसुमतीला माहीत नव्हतं. पण झाईला बस जाते, आणि विचारता येतं.

मग ती मोरीत गेली आणि हात धुतले. साबण लावून, एकदा. नळ बंद केला. नेहमी नळ बंद केल्यावर सहा-सात अंक मोजेपर्यंत दुसऱ्यांदा धुवायची ओढ येते, हे तिला माहीत होतं; ती नेमकी कुठून निघते, मनगटातून की घशातून, हे तिने कधी थांबून पाहिलं नव्हतं. तिने हात नळावर ठेवला आणि उभी राहिली. पाच. सहा. तेलाचा वास साबणाखाली अजून होता. सात. आली. पोटातून निघाली होती.

सुदर्शन खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला. "पाणी गेलं का?"

"नाही."

"मग?"

"बघतेय, किती वेळ लागतो."

"कशाला?"

"जायला," ती म्हणाली. "थांब जरा."

टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि दोघं त्या बंद नळाकडे पाहत राहिले.